दोनदा सील बदलूनही गळती थांबेना: जुन्या टिलरच्या गिअरबॉक्सचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

यंत्र म्हणजे चालत चालवायचं, मागच्या बाजूला पाती असलेलं बागेचं टिलर, म्हणजे माती खणून भुसभुशीत करणारं यंत्र. वय पंचवीस वर्षांच्या पुढे. इंजिन मध्ये एकदा बदललेलं, त्याच वेळी सगळ्या यंत्राला नवा रंगही दिलेला. गिअरबॉक्स मात्र मूळचाच: बिडाचं कवच, आत पोलादी वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) आणि तो फिरवतो ती ब्रॉन्झची वर्मव्हील. पात्यांचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या आरपार जातो, त्याची दोन्ही टोकं बाहेर येतात आणि त्यांवर पात्यांचे हब पिनेने अडकवलेले असतात. दोन्ही बाजूंना ३०२०५ क्रमांकाचं टेपर (निमुळत्या रोलरांचं) बेअरिंग. त्यावर चार बोल्टांनी आवळलेलं कव्हर आणि कव्हरात २५×४७×७ मापाचं ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती ऑइल अडवणारं कडं. या मापातला पहिला आकडा शाफ्टचा व्यास, दुसरा कव्हरातल्या बोअरचा (सील बसतं त्या गोल भोकाचा), तिसरा सीलची रुंदी, सगळं मिलिमीटरमध्ये.

दोन गोष्टी सुरुवातीलाच लक्षात ठेवायला हव्यात, कारण पुढचे सगळे निर्णय त्यांवर फिरतात. पहिली, कव्हर आणि कवच यांच्यामधलं गॅस्केट इथे फक्त ऑइल अडवत नाही, शिमचंही (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकतीचंही) काम करतं. त्याच्या जाडीवर टेपर बेअरिंग किती घट्ट किंवा सैल बसणार हे ठरतं. दुसरी, हा शाफ्ट अतिशय सावकाश फिरतो. मिनिटाला साधारण १५० फेरे आणि २५ मिमी व्यास धरला, तर सीलच्या लिपखालून (शाफ्टवर टेकणाऱ्या रबरी कडेखालून) शाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला जेमतेम ०.२ मीटर सरकतो. ३,६०० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनाच्या तेवढ्याच जाडीच्या क्रँकशाफ्टवर हाच वेग ४.७ मीटर होतो. म्हणजे पात्यांच्या शाफ्टवर सील उष्णतेनं करपत नाही. ते मातीनं, गवतानं, गंजानं, आतल्या दाबानं किंवा शाफ्टच्या हलण्यानं मरतं.

अडचण

डाव्या बाजूनं ऑइल गळू लागलं. आधी उभ्या यंत्राखाली डाग, मग हबवर मातीचा तेलकट गोळा. मालकांनी एका कारागिराकडून सील बदलून घेतलं. पंधरा तासांच्या कामानंतर गळती परत सुरू. दुसऱ्या वेळी वेगळ्या कारागिरानं ‘आता विटॉनचं बसवतो, ते टिकेल’ म्हणून विटॉन या जास्त उष्णता झेलणाऱ्या रबराचं महागडं सील बसवलं. ते आठ तासही नीट चाललं नाही. मधल्या काळात यंत्र जवळपास वर्षभर तसंच उभं राहिलं, गिअरबॉक्समधलं ऑइल न बदलता. १.९ लिटर ऑइल मावणाऱ्या गिअरबॉक्समध्ये आता प्रत्येक कामाआधी भर घालावी लागत होती. उजव्या बाजूलाही ओलसरपणा दिसू लागला होता.

तिसऱ्या दुरुस्तीसाठी यंत्र आलं तेव्हा मशागत तोंडावर होती. ‘सील टाका आणि द्या’ एवढीच मागणी. इथे पहिला निर्णय घ्यायचा होता: तिसरं सील ठोकून मोकळं व्हायचं, की दोन सीलं का गेली ते आधी बघायचं. दुसरी वाट धरली, आणि त्यामागचं कारण साधं होतं. दोन वेगवेगळ्या मटेरियलची सीलं एकाच जागी, दुसरं पहिल्याहून लवकर जातं, तेव्हा दोष सीलचा असण्याची शक्यता फारच कमी उरते.

उघडण्याआधी काय तपासलं

ऑइल काढलं. रंग दुधी कॉफीसारखा, म्हणजे आत पाणी शिरलेलं. भांड्याच्या तळाशी सोनेरी चमक, म्हणजे ब्रॉन्झची झीज. थोडी चमक जुन्या वर्म गिअरबॉक्समध्ये असतेच. चिमटीत कण टोचले असते तर गोष्ट वेगळी होती. ते टोचत नव्हते. ऑइल कुठलं भरलं होतं हे विचारल्यावर उत्तर आलं, ‘दुकानात गिअर ऑइल म्हणून मिळालं ते’. डबा पाहिला तर जीएल-५ (गिअर ऑइलची एक प्रत). मॅन्युअलमध्ये एसएई १४० (हा ऑइलच्या जाडपणाचा आकडा), जीएल-४ लिहिलेलं. जीएल-५ मधली गंधकयुक्त मिश्रणं ब्रॉन्झला, विशेषतः गरम झाल्यावर, खाऊ शकतात. इथे नुकसान मोठं नव्हतं, पण तेच ऑइल परत भरायचं नाही हे तिथेच ठरलं.

मग ऑइल भरण्याचं बूच. या बुचाच्या मध्यभागी सुमारे २ मिमीचं भोक असतं. तोच गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करण्याची वाट. ते भोक रंगानं पूर्ण बंद झालं होतं, आणि वर चिखलाचं बूच वेगळं. इंजिन बदलताना दिलेला रंग! सुईनं टोचल्यावर आत दोन थरांचा रंग निघाला.

ब्रीदर बंद असल्यानं किती फरक पडतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. गिअरबॉक्स २५ अंशांवरून ७५ अंशांवर गेला, तर बंद जागेतल्या हवेचा दाब केवळ उष्णतेनं सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. शिवाय ऑइलही फुगतं: दर अंशाला साधारण ०.०७ टक्के, म्हणजे ५० अंशांना साडेतीन टक्के. गिअरबॉक्सचा ३० टक्के भाग हवा असेल तर हे दोन्ही मिळून आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.२७ बारनं (१ बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा) जास्त होतो. पण गळतीच्या भीतीनं ऑइल गच्च भरलं आणि हवेला फक्त १० टक्के जागा उरली, तर तोच फरक ०.७ बारवर जातो. साधं लिपचं सील सावकाश फिरणाऱ्या शाफ्टवर ०.३ ते ०.५ बारच्या पुढे भरवशाचं राहत नाही. थोडक्यात, मालक दर वेळी ‘गळतंय म्हणून जरा जास्तच’ ऑइल घालत होते आणि त्यामुळेच ते जास्त गळत होतं.

उलटी बाजूही तितकीच वाईट. गरम असताना थोडी हवा आणि ऑइल लिपखालून निसटलं की थंड होताना आत पोकळी तयार होते. काम संपल्यावर गरम गिअरबॉक्सवर लगेच पाण्याचा फवारा मारला, तर लिपजवळचं गढूळ पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधी का झालं, याचं हे सरळ उत्तर होतं.

शेवटी शाफ्टचा खेळ, म्हणजे ढिलाई किंवा ‘प्ले’. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं तबकडीचं साधन) कव्हरावर चुंबकानं बसवून शाफ्टचं टोक वर-खाली उचललं: सीलजवळ ०.२५ मिमी. आत-बाहेर ढकललं: ०.५५ मिमी. मॅन्युअलप्रमाणे आत-बाहेरचा प्ले ०.०५ ते ०.१३ मिमी असायला हवा. हे आकडे कव्हर उघडण्याआधीच घ्यावे लागतात. एकदा उघडलं की जुनी परिस्थिती मोजायची संधी गेली.

उघडल्यावर

हब शाफ्टवर गंजून बसले होते. पिना काढून, गंजसैल तेल रात्रभर मुरवून, पुलरनं ओढले. उजवा हब निघाला, डावा हलेना. अशा वेळी हात गॅसच्या ज्योतीकडे जातो. ज्योत लावण्याआधी एक गोष्ट बघायची: आत विटॉनचं सील आहे का? विटॉन जास्त तापलं तर त्यातून हायड्रोफ्लुओरिक आम्लाची वाफ सुटू शकते, आणि ती कातडीला आणि फुप्फुसाला घातक आहे. इथे विटॉन आहे हे माहीत होतं, म्हणून ज्योत टाळली. पुलरवर ताण ठेवून हबच्या बाहेरच्या अंगाला हातोडीचे हलके ठोके दिल्यावर तो सुटला.

हब निघताच आणखी एक उपद्रव दिसला. हब आणि सील यांच्यामधल्या फटीत प्लॅस्टिकच्या सुतळीचं घट्ट कडं बसलं होतं, घासून घासून अर्धवट वितळलेलं, त्याची एक कड सीलच्या बाहेरच्या धूळ-लिपखाली शिरलेली. गवत, तारेचा तुकडा, नायलॉनचा दोरा, काहीही या फटीत गुंडाळलं जातं आणि प्रत्येक फेऱ्याला थोडं आत सरकतं.

कव्हर काढून सील मागून ड्रिफ्टनं सरळ बाहेर ढकललं. बोअरच्या भिंतीवर आरपार एक खोल ओरखडा होता. आधी कुणीतरी सील जागेवरच स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं होतं. पहिल्या वेळी बसवलेलं सील बाहेरून उघड्या धातूचं होतं, आणि अशा सीलला ओरखडलेल्या बोअरमध्ये बाहेरच्या अंगानंही ऑइल सोडायला वाट मिळते.

जुनं सील वाचणं

दोन्ही काढलेली सीलं जवळ होती; पहिलं मालकांनी डब्यात टाकून ठेवलं होतं. हे नशीबच. जुनं सील कारागिरानं फेकून दिलं की निम्मा पुरावा गेला.

लिपची कड भिंगाखाली पाहिली. कडेला मुळात अगदी बारीक धार असते. घासल्यावर तिथे चमकदार पट्टा तयार होतो. त्या पट्ट्याची रुंदी सांगते ते असं. सगळीकडे सारखा आणि अरुंद पट्टा म्हणजे नेहमीची झीज. सगळीकडे सारखा पण खूप रुंद म्हणजे एकतर आतून दाब, नाहीतर वाकलेला शाफ्ट. वाकलेला असेल तर शाफ्टवर झीज एकाच अंगाला दिसते. सीलवर एका अंगाला रुंद आणि समोरच्या अंगाला अरुंद पट्टा म्हणजे शाफ्ट मध्यावर नाही, किंवा कामाच्या भाराखाली एका बाजूला सरकतो. लिप टणक, भेगाळलेली असेल तर उष्णता किंवा वय. कापल्यासारखी चीर असेल तर बाहेरून काहीतरी शिरलं, किंवा बसवताना ती कीवेच्या (शाफ्टमधल्या लांबट खाचेच्या) कडेवरून ओढली गेली. आतली गोल स्प्रिंग निसटलेली असेल तर बहुतेक वेळा सील हातोडीनं ठोकलेलं असतं.

विटॉनच्या सीलवर पट्टा वरच्या अंगाला १.४ मिमी आणि खालच्या अंगाला ०.४ मिमी होता. याचा अर्थ लावणं सोपं आहे: पाती जमिनीत शिरतात तेव्हा माती त्यांना वर ढकलते, सैल बेअरिंगमधून शाफ्ट वर उचलला जातो, वरची लिप दाबली जाते आणि खालच्या लिपपाशी फट पडते. ऑइल खालीच असतं. धूळ-लिपवर सुतळीची चीर होतीच. स्प्रिंग जागेवर होती.

आता बेअरिंग. डाव्या बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर (कड्यावर) खड्डे पडलेले. पण तेवढ्यानं ०.५५ मिमी प्ले होत नाही. उत्तर गॅस्केटमध्ये सापडलं. मूळ गॅस्केट ०.२५ मिमी जाडीचं. दुसऱ्या दुरुस्तीत ते फाटल्यावर त्याच्या जागी ०.५ मिमीच्या कागदाचं कापून बसवलं होतं. कव्हर पाव मिलिमीटर बाहेर गेलं, टेपर बेअरिंग तेवढंच सैल झालं. दुसरं सील पहिल्याहून लवकर का गेलं, ते इथे उलगडलं.

शेवटी शाफ्ट. न झिजलेल्या भागाचा व्यास २४.९६ मिमी, अशा शाफ्टला ०.१३ मिमीपर्यंत उणा व्यास चालतो, म्हणजे ठीक. डाव्या बाजूला लिपच्या जागी २४.५८ मिमी, म्हणजे ०.१९ मिमी खोल खाच. धूळ-लिपखाली दुसरी, जरा उथळ खाच. आणि मुख्य खाचेच्या आतल्या बाजूला, बेअरिंगकडे, गंजाचे बारीक खड्डे. पाणी मिसळलेलं ऑइल वर्षभर उभं राहिल्याचा परिणाम. उजव्या बाजूला खाच जेमतेम ०.०३ मिमी, गंज नाही.

नख आडवं फिरवलं आणि ते खाचेत अडकलं, तर त्या जागेवर नवं सील टिकत नाही. मोजमाप नसेल तर एवढी परीक्षा पुरते.

कोणते पर्याय होते

ऑइलऐवजी ००-क्रमांकाचं पातळ ग्रीस भरणं हा पर्याय मालकांनीच सुचवला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हंगाम तोंडावर असेल, सुटे भाग हाती नसतील, तर हे ग्रीस काही आठवडे काढून देतं. ते इतकं पातळ असतं की वर्मपर्यंत वाहत जातं, पण लिपखालून ऑइलसारखं धावत नाही. मात्र त्यात शिरलेलं पाणी तळाला बसत नाही, घोळलेलंच राहतं. वर्मची उष्णता ते ऑइलइतकी वाहून नेत नाही. आणि सैल बेअरिंगची झीज चालूच राहते. या यंत्रात पाणी आणि बेअरिंग हीच दोन मुख्य दुखणी होती, म्हणून नाकारलं. गळती थांबवणारी बाटलीतली औषधं रबर फुगवून काम करतात. जिथे लिप कापलेली आणि शाफ्ट खाचलेला आहे, तिथे त्यांचा विचारही केला नाही.

सील जरा आत सरकवणं हा सगळ्यात स्वस्त आणि बऱ्याचदा पुरेसा उपाय. बोअर १० मिमी खोल, सील ७ मिमी. आजवर ते बाहेरच्या कडेला समपातळीत बसवलेलं. म्हणजे आत ३ मिमी जागा. अडीच मिमी आत ढकललं की लिप ताज्या पृष्ठभागावर येते. उजव्या बाजूला हे चालणार होतं. डाव्या बाजूला लिप नेमकी गंजाच्या खड्ड्यांवर आली असती.

डाव्या बाजूसाठी मग तीन वाटा उरल्या. नवा शाफ्ट: या वयाच्या यंत्राला मिळणं अवघड, आणि तो बदलायचा तर वर्मव्हील दाबून काढावी लागते. शाफ्टवर वेल्डिंगचा भर देऊन लेथवर घासणं: होतं, पण शाफ्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, उष्णतेनं वाकण्याची भीती, आणि लेथवरून येणाऱ्या पृष्ठभागावर स्क्रूच्या आट्यांसारखी बारीक सर्पिल रेघ राहिली तर ती फिरताना ऑइल स्वतःच बाहेर काढते. ग्राइंडिंग चांगलं करणारा माणूस माहीत असेल तरच हा रस्ता. तिसरी वाट पातळ स्टेनलेसची दुरुस्ती-स्लीव्ह, म्हणजे खाचलेल्या जागेवर चढवायची नळी. तिची भिंत सुमारे ०.२८ मिमी, म्हणजे व्यास अर्ध्या मिमीपेक्षा थोडा जास्त वाढतो आणि तेच २५ मिमीचं सील त्यावर चालतं. शाफ्ट जागेवरच राहतो. स्लीव्ह ठरली.

सील कुठलं? पुन्हा विटॉनचा आग्रह झाला. पण विटॉनचा फायदा २०० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत. हा गिअरबॉक्स तिथपर्यंत जातच नाही. नायट्राइल हे सीलचं नेहमीचं रबर १०० अंशांपर्यंत सुखानं चालतं आणि मातीच्या घासणीला चांगलं तोंड देतं. म्हणून नायट्राइलचं, टीसी प्रकारचं: बाहेरून रबर चढवलेलं, मुख्य लिपमागे स्प्रिंग आणि बाहेर वेगळी धूळ-लिप. बाहेरचं रबर ओरखडलेल्या बोअरलाही बऱ्यापैकी बुजवतं, हा इथला जास्तीचा फायदा.

कव्हरावर बाहेरून टेकणारी रबरी व्ही-रिंग घालावी का, याचाही विचार झाला. मातीला ती उत्तम अडवते. पण हब आणि कव्हर यांच्यात पुरेशी जागा नव्हती, आणि सुतळीनं ती पहिल्याच आठवड्यात कापली असती.

प्रत्यक्ष काम

कवच डिझेलनं दोनदा धुतलं, तळाचा दुधी गाळ चिंधीनं पुसून काढला. दोन्ही बेअरिंग बदलली. उजवं ठीक दिसत होतं, पण एकाच शाफ्टवर एक नवं आणि एक पंचवीस वर्षांचं टेपर बेअरिंग ठेवून प्ले जुळवण्यात अर्थ नव्हता.

स्लीव्हसाठी शाफ्ट आधी बारीक एमरीनं साफ केला. एमरी नेहमी शाफ्टभोवती गोल फिरवायची. लांबीच्या दिशेनं ओढली तर ओरखडे ऑइलला सरळ वाट देतात, आणि फिरवता फिरवता बाजूला सरकवत नेली तर तीच सर्पिल रेघ तयार होते. स्लीव्ह बसणार त्या पट्ट्यात तीन ठिकाणी व्यास मोजून मापाची खात्री केली. खाच आणि खड्डे धातूमिश्रित इपॉक्सीनं भरले आणि ती ओली असतानाच स्लीव्ह सरकवली. स्लीव्हच्या एका कडेला बारीक कॉलर असते. ती बाजू शाफ्टवर आधी जाते आणि सोबत मिळणारी टोपी त्या कॉलरवर टेकवून ठोके द्यायचे. उलटं बसवलं तर पातळ कड दुमडते आणि स्लीव्ह वाया. कॉलर बेअरिंगपासून मोकळी राहते हे पाहून ती तशीच ठेवली. अडली असती तर खाचेवर तोडून काढता आली असती. बाहेर आलेली इपॉक्सी लगेच पुसली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शाफ्टला हात लावला नाही.

प्ले जुळवताना उजवं कव्हर ०.२५ मिमीच्या गॅस्केटसह पूर्ण आवळलं. डावं कव्हर सीलशिवाय, गॅस्केटशिवाय ठेवलं, शाफ्ट हातानं फिरवत चारही बोल्ट थोडे थोडे आवळत गेलो तसा फिरण्याला किंचित अडथळा जाणवू लागला. तिथेच थांबून कव्हर आणि कवच यांच्यातली फट फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तीन जागी मोजली. सरासरी ०.४२ मिमी. हवा असलेला प्ले ०.०८ धरला, बेरीज ०.५०, म्हणून ०.२५ ची दोन गॅस्केट. बेअरिंग नवी असल्यानं इथे जुना ०.२५ चा आकडा धरला नाही, मोजलेल्या फटीवरूनच जाडी ठरवली. पूर्ण आवळल्यावर डायल गेजनं प्रत्यक्ष प्ले ०.०७ मिमी आला. दोन्ही बाजू कोरड्या गॅस्केटनं, सिलिकॉन न लावता. सिलिकॉनचा जाड थर म्हणजे पुन्हा नकळत बसवलेली शिमच.

सील बसवणं हे सगळ्यात छोटं काम आणि सगळ्यात जास्त बिघडणारं. बोअरमधला ओरखडा बारीक पेपरनं कडा मारून गुळगुळीत केला आणि त्यावर सीलंटचा अगदी पातळ हात दिला. मुख्य लिपला गिअर ऑइल, मुख्य आणि धूळ-लिप यांच्यातल्या पोकळीत निम्म्याहून कमी ग्रीस; गच्च भरलं तर गरम होऊन ते लिप उचलतं. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. ४६ मिमीची सपाट चकती लावून वाइसमध्ये सावकाश दाबलं, डावं बोअरच्या कडेशी समपातळीत, उजवं अडीच मिमी आत. मग व्हर्निअरच्या खोली मोजणाऱ्या दांडीनं चार जागी खोली तपासली. चारी जागांमध्ये ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. सील तिरकं बसलं की लिप शाफ्टवर डुलते आणि पहिल्याच तासात घाम सुटतो.

कव्हर शाफ्टवर चढवण्याआधी पिनेचं भोक आणि शाफ्टचं टोक यांवर प्लॅस्टिकचा पातळ तुकडा गुंडाळला. पिनेच्या भोकाची कड बोटाला धारदार लागते, आणि लिपला तर नक्कीच. उजव्या सीलबाहेर आता अडीच मिमीचा खळगा राहिला होता. तो ग्रीसनं भरला, म्हणजे माती तिथे घट्ट बसण्याऐवजी ग्रीसमध्ये अडकेल.

ब्रीदरचं भोक २ मिमीच्या ड्रिलनं हातानं साफ केलं. ऑइल भरण्याआधी त्याच बुचाच्या जागी नळी जोडून सायकलच्या पंपानं ०.२ बार दाब दिला, दोन्ही सीलभोवती साबणाचं पाणी लावलं आणि शाफ्ट हातानं फिरवला. कॉम्प्रेसर इथे चुकूनही लावू नये, नवी लिप उलटी होते. बुडबुडे नव्हते. मग एसएई १४०, जीएल-४ ऑइल, यंत्र सपाट जमिनीवर ठेवून, तपासणीच्या भोकापर्यंत. त्याच्या वर थेंबही नाही.

निकाल

वीस मिनिटं रिकामं चालवून सीलभोवती टाल्कम पावडर भुरभुरली, डाग नव्हता. दहा तासांनी ऑइल बदललं, कारण कोपऱ्यांत राहिलेलं पाणी आणि जुन्या ऑइलचा अंश धुऊन निघायला हवा होता. ते किंचित धुरकट निघालं, दुधी नाही. प्ले ०.०८ मिमी, म्हणजे जागेवर.

हंगामात यंत्र साठ तास चाललं. डाव्या बाजूला, जिथे स्लीव्ह बसवली, तिथे शेवटपर्यंत कोरडं. उजव्या बाजूला चाळीस तासांनंतर बारीक ओलसर पट्टा दिसू लागला. थेंब पडत नाही, पातळीत मोजता येईल अशी घट नाही. सावकाश फिरणाऱ्या शाफ्टवर लिपखाली ऑइलचा पातळ थर असावाच लागतो, त्यामुळे थोडा ओलावा हा दोष मानला जात नाही. तरी दोन्ही बाजूंमधला फरक डोळ्यात भरतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या गळतीच्या वेळी ब्रीदर पाहिला असता तर कदाचित पहिलंच सील बरीच वर्षं टिकलं असतं. बूच काढून भोकातून फुंकर मारणं, एवढंच काम. निदान त्या वेळी पाणी आत गेलं नसतं आणि डाव्या शाफ्टवर गंजाचे खड्डे पडले नसते. मग अडीच मिमी आत सरकवणं तिथेही पुरलं असतं आणि स्लीव्हची गरजच पडली नसती.

दुसऱ्या दुरुस्तीत गॅस्केट फाटलं तेव्हा जुन्याची जाडी मोजून तेवढंच नवं कापायला हवं होतं. इथे झालेलं सगळ्यात महाग नुकसान या एका कागदाचं आहे. नव्या कारागिराकडे काम देताना मालकांनी ‘गॅस्केट कितीचं होतं आणि कितीचं बसवलं’ एवढं विचारलं आणि जुनं सील परत मागून घेतलं, तरी बरंच टळतं.

उजव्या बाजूला स्लीव्ह न घालण्याचा निर्णय वादाचा आहे. बेअरिंग आणि कव्हर उघडंच होतं, दुसरी स्लीव्ह घालायला अर्धा तास लागला असता. ०.०३ मिमीच्या खाचेला ती गरजेची नव्हती, पण सील आत सरकवल्यानं बाहेर खळगा राहिला आणि त्यात माती साठते, हे तेव्हा कमी लेखलं गेलं. समपातळीत सील आणि खाली स्लीव्ह हे जास्त स्वच्छ उत्तर ठरलं असतं.

मालकांच्या सवयीत दोन बदल सांगितले आणि ते त्यांनी धरले. दर वापरानंतर पाती फिरणं पूर्ण थांबवून, स्पार्क प्लगची वायर काढून, हबच्या मागची फट बघायची आणि गुंडाळलेलं गवत किंवा सुतळी हुक किंवा सुरीनं कापून काढायची. ओढून काढली तर ती लिपखाली आणखी शिरते. आणि गरम गिअरबॉक्सवर पाणी मारायचं नाही, आधी तासभर थंड होऊ द्यायचं. पुढच्या हंगामाआधी उजवा हब काढून खळग्यातलं ग्रीस बदलायचं आहे. तोवर ओलसर पट्ट्याचे थेंब झाले, तर त्याच वेळी कव्हर उतरवून तिथेही स्लीव्ह जाईल आणि गॅस्केट पुन्हा ०.२५ मिमीचंच बसेल.